ढब्बूचं पाणी

(हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. मग म्हटलं, जे बोललं गेलं तेवढंच उतरवू, पदरचं काही नको. चष्म्या म्हणजे मी. पाणक्या माझा शाळेपासूनचा मित्र. माशांच्या दुकानात कामाला आहे, लोकांच्या घरच्या टाक्या साफ करतो. काकू म्हणजे आमच्या उंट्याची आई. उंट्या आता नाही. त्याची माशांची टाकी माझ्याकडे आहे, ढब्बू हा त्यातला सगळ्यात मोठा मासा. रविवार, दुपार, माझी खोली.)

पाणक्या: हा घे. दुकानातला सगळ्यात मोठा उचललाय. पण आधीच सांगतो, हा ढब्बू म्हणून खपणार नाही.

चष्म्या: पांढरा डाग आहे ना?

पाणक्या: डाग आहे, पण पोटावर. तुझ्या ढब्बूचा कल्ल्यापाशी. आता मी काय मेकअप करून आणू?

चष्म्या: लांबून कळणार नाही.

पाणक्या: कोणाला कळणार नाही?

चष्म्या: काकूंना. चारच्या सुमारास येतील. त्या आल्या की टाकीत एक मोठा केशरी मासा फिरताना दिसला पाहिजे. बस. बाकी मला काही सुचत नाही.

पाणक्या: आणि खरा ढब्बू?

चष्म्या: तो बघ. खाली, त्या कोपऱ्यात.

पाणक्या: अरे, हा तर एका अंगावर कलंडलाय. कधीपासून?

चष्म्या: काल सकाळपासून. पंख मिटून बसतो. दाणा टाकून बघितला तर तोंडात घेतो आणि थुंकतो.

पाणक्या: आणि मला आज सांगतोस! फोनवर काय म्हणालास, 'एक मोठा गोल्डफिश घेऊन ये.' मला वाटलं लेकाचा शौक वाढला.

चष्म्या: फोनवर बोलायला जमेना. आण ती पिशवी, सोडतो ह्याला.

पाणक्या: हात लावू नकोस. आधी पाणी बघू दे. हा जीव मी दुकानातून धडधाकट आणलाय.

चष्म्या: पाणी काय बघायचंय? काचेसारखं आहे. पलीकडच्या भिंतीवरचा खिळासुद्धा दिसतोय.

पाणक्या: दिसण्यावर जाऊ नको. एक पेला नळाचं पाणी दे. आणि एका पेल्यात टाकीतलं. पेले पुन्हा चहाला वापरू नकोस म्हणजे झालं.

चष्म्या: हे घे. नळाचं, टाकीचं.

पाणक्या: ही पाणी तपासायच्या औषधाची पहिली बाटली, थेंब टाकले. ही दुसरी, हिला आधी दणादणा हलवायची, नाहीतर औषध तळाशी बसून राहतं आणि निकाल खोटा गोड येतो. पाणी शेवटचं कधी बदललंस?

चष्म्या: भरतो ना. कमी झालं की भरतो.

पाणक्या: भरतोस ते कळलं. काढलंस कधी?

चष्म्या: काढायचं कशाला? उडून जातं तेवढं भरतो. नेहमी काठोकाठ असते टाकी.

पाणक्या: म्हणजे उंट्याकडून टाकी आणल्यापासून तू एक तांब्याही बाहेर काढला नाहीस?

चष्म्या: स्वच्छ होतं रे.

पाणक्या: चष्म्या, मिठाचं पाणी गॅसवर आटवलंस तर मीठ उडतं का?

चष्म्या: नाही.

पाणक्या: मग वर पुन्हा मिठाचं पाणी ओतलंस, पुन्हा आटवलंस, पुन्हा ओतलंस. काय होईल?

चष्म्या: खारट होत जाईल.

पाणक्या: तेच केलंस तू. हा बघ नळाचा पेला, पिवळा. लिंबाच्या सरबतासारखा. आणि हा टाकीचा.

चष्म्या: एवढा लाल?

पाणक्या: थांब, अजून चढेल. ह्या रंगांच्या तक्त्यावरचा शेवटचा लाल आहे ना, त्याच्याही पुढे जातोय. हे नायट्रेट. मासे खातात, हगतात. त्याचं पहिलं विष होतं ते जहाल. फिल्टरमधले जंतू त्याचं सौम्य विष करतात, आणि इथे ते काम चोख चाललंय, तरी मी बाकीच्या बाटल्यांनी बघून घेतो. पण ते सौम्य विष कुठे जाणार? फिल्टर त्याला बाहेर नाही टाकत. त्याला बाहेर जायला दारच एक, बादली.

चष्म्या: मला कोणी सांगितलं नाही.

पाणक्या: तू विचारलंस कोणाला? दुकानात तीनदा आलास, बारके गोल्डफिश घेऊन गेलास, एकदाही माझ्या नजरेला नजर दिली नाहीस. शेठ मला विचारतात, तुझा मित्र मासे पाळतो की तळतो?

चष्म्या: नवे आणले की दुसऱ्या दिवशी मरायचे. उरलेले जुने ठणठणीत. मला वाटलं तुमच्या दुकानातच रोग आहे.

पाणक्या: दुकानात रोग नाही. जुन्यांना सवय झाली होती. पाणी रोज कणभर वाईट होत जातं, त्यांना पत्ताच लागत नाही, तसेच जगत राहतात. नवा येतो तो चांगल्या पाण्यातून, एकदम ह्यात पडतो, झालं. आता जुनाही आडवा पडायला लागला म्हणजे सवयीच्या पलीकडे गेलंय.

चष्म्या: मग आत्ता सगळं काढून टाकू. दोघं आहोत, तासाभरात होईल. नळी कुठाय?

पाणक्या: मारशील. खरंच मारशील त्याला. ज्या पाण्यात तो इतके दिवस कसाबसा निभावतोय ते एकदम काढून घेतलंस तर त्याच्या शरीराला झेपणार नाही. थोडं काढायचं, थोडं घालायचं. आज पाचवा हिस्सा. मग उद्या पुन्हा. घाई केली की संपलं.

चष्म्या: आणि आज काकू आल्या की?

पाणक्या: काकूंचं नंतर बघू. तू मला हे सांग, मासे मोजके, टाकी एवढी मोठी, इतकं चढलं कसं? किती खायला घालतोस?

चष्म्या: मी नाही घालत.

पाणक्या: मग उपास करतात का?

चष्म्या: काकू घालतात. एक दिवसाआड येतात. कधी रोज. जिना चढून दम लागलेला असतो, पर्ससुद्धा खाली ठेवत नाहीत, आधी डबा उघडतात.

पाणक्या: किती घालतात?

चष्म्या: काय माहीत. मी मोजतो का? घालतात, बघतात, आणखी घालतात. म्हणतात, अजून बघताहेत रे माझ्याकडे.

पाणक्या: मूठभर?

चष्म्या: कधी कधी.

पाणक्या: अरे देवा. आणि तू उभा राहून बघतोस!

चष्म्या: तू सांगून बघ त्यांना.

पाणक्या: सांगतो की. माझं कामच आहे ते. दर घरी एक आजोबा नाहीतर एक काकू असतात, प्रेमाने ओतणाऱ्या. सरळ सांगायचं, काकू, खाणं बंद, चार दिवस काही नाही, मग चिमूटभर. कोणी रागावत नाही.

चष्म्या: तू काकूंना भेटलास, उंट्या गेल्यानंतर?

पाणक्या: नळी धर.

चष्म्या: विचारलं मी काहीतरी.

पाणक्या: नाही भेटलो. टोक बादलीत धर आणि वाकवू नकोस. हे दुसरं टोक मी खड्यांत खुपसतो, म्हणजे तळाचं निघेल. बघ. बघ काय निघतंय.

चष्म्या: बापरे. चिखल आहे हा.

पाणक्या: चिखल कुठला? गोळ्या आहेत ह्या. फुगलेल्या, कुजलेल्या. वरून काच, खालून गटार.

चष्म्या: बेल वाजली.

पाणक्या: तू तर चार म्हणाला होतास!

चष्म्या: आल्या. पिशवी. पिशवी लपव!

पाणक्या: कुठे लपवू? खिशात?

चष्म्या: बाथरूममध्ये ठेव, बादलीत. पळ. — आलो, काकू! आलो!

काकू: काय रे, किती वेळ! झोपला होतास का? आणि हे पाणी पाणी काय केलंस दारापर्यंत? पाय घसरला असता माझा.

चष्म्या: टाकी साफ करतोय, काकू. सावकाश या.

काकू: तू? तू साफ करतोस? कधीपासून? अगंबाई, हा कोण?

पाणक्या: मी, काकू.

काकू: पाणक्या.

पाणक्या: हो.

काकू: बारीक झालास की मोठा झालास? ही दाढी कसली? आईला आवडते का?

पाणक्या: नाही. रोज बोलते.

काकू: मग काढून टाक की. ये, इकडे ये जरा उजेडात. बरं, असू दे, हात ओले आहेत तुझे. डबा कुठाय रे? आधी ह्यांना घालते, मग बोलू. वाट बघत असतात.

चष्म्या: काकू, जरा थांबाल का? नळी चालू आहे.

काकू: असू दे की, मी ह्या बाजूने घालते. आणि ढब्बू असा का बसलाय?

चष्म्या: आराम करतोय.

काकू: मासे कसला आराम करतात? आणि ह्या बादलीत काय आहे? एवढं तपकिरी?

पाणक्या: तळाची घाण आहे, काकू.

काकू: एवढी? कसली घाण?

चष्म्या: अशीच. साचते.

काकू: तू गप. तो कामावर हेच करतो, त्याला विचारते आहे. कसली घाण आहे रे ही?

पाणक्या: खाणं आहे. न खाल्लेलं. खड्यांच्या खाली जातं आणि कुजतं.

काकू: मी घातलेलं?

चष्म्या: सगळं नाही, काकू. थोडं माझं पण—

काकू: तू कधी घातलंस? मीच घालते. म्हणजे त्यांनी खाल्लंच नाही?

पाणक्या: खाल्लं. पोट भरेपर्यंत खाल्लं. पण त्यांचं पोट असतं त्यांच्या डोळ्याएवढं. उरलेलं खाली गेलं. त्याचं पाण्यात विष होतं, काकू. दिसत नाही, वास येत नाही. ढब्बू त्यानेच असा बसलाय.

काकू: पण मी आले की वर येतात रे सगळे. काचेला तोंड लावतात. मागतात.

पाणक्या: मासे कायम मागतात. भरपेट असले तरी मागतात. त्यांना 'पुरे' कळत नाही, म्हणून ते आपण ठरवायचं असतं. दुकानात मी सगळ्यांना हेच सांगतो.

काकू: मागणाऱ्याला द्यावं ना पण.

पाणक्या: प्रत्येक वेळी नाही, काकू.

काकू: हो. दवाखान्यातही असंच म्हणाले होते.

चष्म्या: काकू, बसा तुम्ही. पाणी आणू?

काकू: नको. तो पाणी मागत होता. मग केळं मागायला लागला. केळं रे! जन्मात कधी आवडीने खाल्लं नाही. शाळेच्या डब्यातून काळं पडून परत यायचं, मीच खायची संध्याकाळी. आणि तिथे मला म्हणतो, 'आई, अर्धं केळं दे ना.' माझ्या पिशवीत होतं. सकाळी मी माझ्यासाठी घेतलेलं. नर्स म्हणाली, पोट रिकामं हवं, ऑपरेशन आहे. चांगली मुलगी होती ती, तिचं बरोबरच होतं. मी म्हटलं, 'उद्या खा हं, उद्या अख्खं देते.'

पाणक्या: काकू—

काकू: ऑपरेशन पुढे ढकललं. संध्याकाळी करू म्हणाले. संध्याकाळी म्हणाले, सकाळी बघू. त्याने आणखी एकदा मागितलं. मी पिशवी उचलून बाहेर बाकावर ठेवून आले, त्याला वास येऊ नये म्हणून. मग ऑपरेशन झालंच नाही.

चष्म्या: तुम्ही बरोबर केलंत, काकू.

काकू: सगळे तेच म्हणतात. मीही म्हणते. पण नंतर डॉक्टरांनी मला बसवून समजावलं, मला बरं वाटावं म्हणून. म्हणाले, 'बाई, कशानेही फरक पडला नसता.' कशानेही. म्हणजे दिलं असतं तरी चाललं असतं ना? अर्धं केळं. उपाशी गेला रे तो. मी घरी आले तर ते केळं पिशवीत होतं.

पाणक्या: मी आलो नाही तेव्हा, काकू.

काकू: माहीत आहे.

पाणक्या: गेटपर्यंत आलो होतो.

काकू: त्याने सांगितलं होतं मला. 'पाणक्या येणार नाही, त्याला दवाखान्यात शिरलं की मळमळतं, तू त्याच्यावर डूख धरू नको.' मी नाही धरला. तुझी नळी बघ, बादली भरली.

चष्म्या: अरे! उचल, उचल ते टोक!

पाणक्या: उचललं. बंद केली.

काकू: मग आता सांग. घालू नको का मी? तू म्हणशील तसं. मला ऐकायची सवय आहे. डबा इथे ठेवते हवं तर.

चष्म्या: पाणक्या, बोल की. तू सांगणार होतास ना?

पाणक्या: घाला, काकू.

काकू: अं?

पाणक्या: घाला. एवढं. माझ्या बोटांकडे बघा, दोन बोटांत मावेल एवढं. आणि मटार मिळाले तर उकडून, साल काढून, बारीक करून आणा. गोळ्यांपेक्षा ते बरे, पाणी कमी बिघडतं, आणि गोल्डफिश त्याच्यावर तुटून पडतात. तुम्ही घाला. पाण्याचं आम्ही बघतो.

काकू: मटार सोलायला वेळ लागतो.

पाणक्या: लागतो.

काकू: बरंय मग. घरी वेळच असतो. एवढं? हे बघ, बरोबर आहे?

पाणक्या: बरोबर आहे.

काकू: तो बारका बघ कसा आला. घे रे बाबा, घे. ढब्बू नाही येत.

पाणक्या: आज नाही यायचा.

काकू: हाताला वास लागलाय ह्या गोळ्यांचा, धुऊन येते.

चष्म्या: काकू, इथे स्वयंपाकघरात धुवा ना, बाथरूममध्ये पसारा आहे!

काकू: तुझा पसारा मला नवा आहे का? — अरे, हा कोण बादलीत?

पाणक्या: संपलो.

काकू: ह्या पिशवीत कोणाला ठेवलंय? अंधारात? चष्म्या!

चष्म्या: तो... पाणक्याचा आहे. दुसऱ्या घरी द्यायचाय त्याला.

काकू: कोणाच्या घरी? डाग आहे ह्याला. पोटावर. ढब्बूचा गालावर असतो.

चष्म्या: काकू, मी—

काकू: मागे तो लांब शेपटीचा बदललास, तेव्हाही मला कळलं होतं. नव्याची शेपटी कात्रीने कापल्यासारखी होती. आणि काळ्या ठिपक्यांचा होता, त्याच्या जागी तर तू चक्क बिनठिपक्यांचा आणलास. मला म्हणे, 'ठिपके गेले, काकू, वयानुसार जातात.'

पाणक्या: असं म्हणालास तू?

चष्म्या: सुचलं ते म्हणालो. काकू, मग तुम्ही बोलला का नाहीत?

काकू: तू एवढ्या हौसेने फसवत होतास. घामाघूम व्हायचास. मला वाटलं, राहू दे, पोराला बरं वाटतंय.

चष्म्या: मला वाटायचं, तुम्हाला बरं वाटतंय.

काकू: हो, ते कळत होतं मला. म्हणजे हा ढब्बूच्या जागी आणलाय. ढब्बू जाणार आहे का?

चष्म्या: नाही, काकू, तसं काही—

काकू: तुला नाही विचारलं.

पाणक्या: माहीत नाही, काकू. खरंच माहीत नाही. पाणी एकदम बदलता येत नाही, हळूहळूच बदलायचं. पुढचे पंधरा दिवस कळ काढली त्याने तर उठेल. वय झालंय पण दणकट आहे.

काकू: आणि नाही काढली तर?

पाणक्या: तर जाईल.

काकू: बरं.

चष्म्या: काकू, बसा ना थोडा वेळ.

काकू: बसलेच आहे. असं सांगावं माणसाने. मला तेव्हा सगळे उद्याचं सांगत होते. 'माहीत नाही' असं एकाने जरी म्हटलं असतं ना, तरी मी पिशवी बाकावर नसती ठेवली.

पाणक्या: काकू, तुमच्याकडे मनीप्लांट आहे का?

काकू: हा काय प्रश्न झाला?

पाणक्या: पाण्यातलं हे जे लाल दिसतंय पेल्यात, झाडांना ते खत आहे. मनीप्लांटच्या फांद्या टाकीच्या मागच्या बाजूला, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशा लावल्या तर ती थोडं थोडं शोषून घेतात. एकट्याने सगळं होत नाही, पण मदत होते.

काकू: माझा खिडकीतून खालच्या मजल्यापर्यंत लोंबतोय. खालच्या बाई रोज बोलतात, आमचा उजेड अडतो म्हणून. कापून आणते.

पाणक्या: मुळं फुटायचे डोळे असतील त्यांच्या जरा खाली कापा. आणि धुऊन आणा, माती नको.

काकू: उद्याच आणते. निघते मी आता, उजेड आहे तोवर जिना उतरलेला बरा. हा पिशवीतला परत घेऊन जा रे, पाणक्या. त्या बिचाऱ्याला ह्या पाण्यात कशाला ढकलता?

पाणक्या: नेतो.

काकू: आणि घरी ये. दवाखाना नाहीये तिथे.

पाणक्या: येतो.

काकू: ढब्बू, मी जाते रे. — खाली फरशी पुसून घ्या दोघांनी, पडाल. येऊ नको पोचवायला, मी जाते हळूहळू.

चष्म्या: गेल्या.

पाणक्या: दार लाव.

चष्म्या: 'सरळ सांगायचं, काकू, खाणं बंद.' कोणी म्हटलं होतं रे हे?

पाणक्या: गप बस.

चष्म्या: 'दर घरी सांगतो, कोणी रागावत नाही.'

पाणक्या: गप म्हटलं ना. नाही जमलं. तुला जमलं असतं?

चष्म्या: मला तर इतके दिवस नाही जमलं.

पाणक्या: फडकं दे. नाही, ते नको, ते मोठं दे.

चष्म्या: तुला माहीत होतं? केळ्याचं?

पाणक्या: मला काय माहीत असणार? मी गेटपाशी होतो. तुला?

चष्म्या: मी त्या बाकावर बसलो होतो, पाणक्या. पिशवी माझ्या शेजारी होती. मला वाटलं, काकूंना ओझं नको म्हणून आणून ठेवलीय.

पाणक्या: चष्मा पूस. तुला काही दिसत नसेल.

चष्म्या: दिसतंय.

पाणक्या: मग ऐक नीट. आता काकू घालणार. दोन बोटांनी सुरू केलंय, पण चार दिवसांनी पुन्हा तीन बोटं होतील, मग चार. तसं होणारच. तर मग पाण्याने ते भरून काढायचं. बाकीच्या घरी मी सांगतो आठवड्यातून एकदा बदला. तुला तेवढ्यावर नाही भागणार. पहिले काही दिवस रोज एक बादली. मग दिवसाआड. माझ्याकडून ह्या बाटल्या घेऊन ठेव, लाल उतरून केशरी झालं की मला सांग, मग पुढचं ठरवू.

चष्म्या: रोज?

पाणक्या: रोज. नळाचं पाणी भरून त्यात क्लोरीन मारायचे थेंब टाक. हात घालून बघ, टाकीएवढंच कोमट-गार लागलं पाहिजे. आणि हळू ओत, धबाधबा नाही. काकू गेल्या की अर्ध्या तासाने जाळीने उरलेलं काढून घे. त्या असताना नाही.

चष्म्या: हो, त्यांच्यासमोर नाही.

पाणक्या: फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नकोस कधी. ह्या बादलीत काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर जंतू मरतील आणि नवीनच लफडं होईल.

चष्म्या: उंट्या हे सगळं करायचा?

पाणक्या: दर रविवारी. तुला काय वाटलं, त्याचे मासे हवेवर जगत होते? आपण त्याच्याकडे गेलो की त्याच्या बाह्या कायम ओल्या, फरशी ओली.

चष्म्या: मला वाटायचं धांदरट आहे. पाणी पिता येत नाही ह्याला धड.

पाणक्या: तू त्याला तोंडावर म्हणायचास.

चष्म्या: हो. तो म्हणायचा, 'तहान मोठी आहे रे माझी.'

पाणक्या: हलकट होता.

चष्म्या: उंट.

पाणक्या: उंट. ... ढब्बूकडे बघ जरा. कल्ला हलतोय ना?

चष्म्या: हलतोय. सावकाश हलतोय.

पाणक्या: काढलं तेवढं ओतलं, आजचं पाणी झालं. जास्त नको. लाइट मंद ठेव त्याच्यावर. चल, मी ह्या पिशवीवाल्याला पोचवतो, बिचारा आज बाथरूम बघून आला फक्त.

चष्म्या: शेठ विचारतील, परत का आणला?

पाणक्या: सांगीन, गिऱ्हाइकाने ओळखला. चष्म्या, एक विचारू?

चष्म्या: विचार.

पाणक्या: तू आळशी आहेस.

चष्म्या: हा प्रश्न नाही.

पाणक्या: प्रश्न पुढे आहे. रोज कामावर जायच्या आधी बादली उचलायची, वाकायचं, ओतायचं. आठवडाभर करशील. पण समजा ढब्बू गेला. आज मी काकूंना जे बोललो ते उगाच नाही बोललो, अर्ध्याहून जास्त शक्यता आहे तो जाण्याची. मग? सोडून देशील?

चष्म्या: बाकीचे आहेत ना.

पाणक्या: बाकीचेही ह्याच पाण्यात वाढलेत. तेही जातील कदाचित. एकेक करून. तेव्हा काय करणार? तू नवे आणणार नाहीस, हे आज ठरलं. आणि काकू तर यायच्या थांबणार नाहीत. डबा घेऊन, मटार सोलून येणारच. रिकाम्या टाकीतसुद्धा दोन दाणे टाकतील, मी ओळखतो त्यांना.

चष्म्या: टाकू देत.

पाणक्या: आणि तू?

चष्म्या: मी बादली उचलीन. मासे असोत, नसोत. काकू येतील तेव्हा पाणी ताजं असेल, पाणक्या. शब्द देतो तुला.